जनान्यातला कॅमेरा

नाय नाय, स्क्रू बसवू नका अजून, गोकुळभाऊ — पार्ट मिळत नाय म्हणलात ते ऐकलं मी, बहिरी नाय — पण दिल्लीला, मुंबईला कुठं तरी असंलच की ह्याच कंपनीचा एखादा मेलेला कॅमेरा, त्याचं शटर काढायचं न् ह्याला बसवायचं. माणसाला दुसऱ्याची किडनी बसती, न् कॅमेऱ्याला शटर बसत नाय व्हय? हसू नका. फोटो अर्धा काळा येतो, बाकी काय बिघडलंय ह्याचं? लेन्स साफ हाय, फ्लॅश उडतो, बॅटरी टिकती. नुसतं शटर अडकतंय. नवरी दिसती, तिच्या बाजूला बसलेली गायब होती. एवढंच तर हाय! अन् ते काचेतलं नवं मॉडेल काढू नका बरं का, बघितलंय मी आल्या-आल्या. चांगलं हाय, कोण नाय म्हणतंय? फोटो काढला की लगेच मोबाइलमंदी जातो — तेच नको मला. तेच तर नको. माझं सगळं काम त्याच्यावरच उभं हाय, की ह्याच्यातून काय बाहेर जात नाय.

तुम्ही आमच्या ह्यांना ओळखत होतात — नूरमोहम्मद फोटोवाले म्हणलं की सगळं शहागंज ओळखायचं. पण जनान्यात त्यांना कोण घेणार? बाहेर मर्दान्यात दुल्ह्याचे फोटो, दुल्ह्याच्या मामाचे, बिर्याणीच्या देगचीचे सुद्धा फोटो — न् आत बायका नटूनथटून, हातभर मेहंदी लावून बसलेल्या, त्यांचा कुणाचाच नाय. एक दिवस त्यांनी हा माझ्या गळ्यात अडकवला न् म्हणले, राहत, तू जा आत. मी बिडकीनची, शेताच्या बांधावर वाढलेली — बटण कुठलं दाबायचं ते सुद्धा ठाऊक नाय. पण शिकले. मी आत गेले की बायका दार लावून घ्यायच्या, न् मग बघा! बुरखे खुंटीला, ओढण्या कुठल्या कुठं. म्हाताऱ्या नाचायच्या हो! एक आजी तर काठी फेकून नाचली — तिचा सगळ्या जन्मातला तेवढा एकच फोटो. ती गेल्यावर लेकीनं तो कपाटात ठेवला, भिंतीवर नाय लावला. पण हाय ना! काम संपलं की मी कार्ड काढायची न् नवरीच्या आईच्या मुठीत द्यायची. माझ्याकडं एक फोटो नाय. नवीन गिऱ्हाईक म्हणतं, आपा, तुमचं काम दाखवा — काय दाखवू? न दाखवणं हेच तर माझं काम होतं.

होतं म्हणले का मी? — बरं, होतं. वैजापूरचं तुमच्या कानावर आलंच असंल. नाय? मान कशाला हलवता, अख्ख्या शहराला माहीत हाय. हळदीत नवरीची भावजय नाचली, मोकळ्या केसांनी, लई गोड नाचली बिचारी — न् दुसऱ्या दिवशी ती मोबाइल-मोबाइलवर. नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडली. अजून तिथंच हाय. आता तुम्ही सांगा, तुम्ही तर ह्याचं पोट उघडून बसलात — ह्याच्यातून जाईल का फोटो? अन् आत प्रत्येकीच्या हातात मोबाइल, माझ्याच खांद्यावर रेलून सेल्फी काढत होत्या. पण कॅमेरा म्हणलं की राहत! मी तिच्या माहेरी गेले, म्हणलं, बेटी, तू तरी सांग. तिनं दार उघडलं न् मला बघून परत लावलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, भाऊ. त्याच्यानंतर कुणाचा फोन नाय. घरी मी म्हणायची, सीझन मंदा हाय. लग्नाचा सीझन कधी मंदा असतो का?

नाय, चहा नको. रविवारची ऑर्डर हाय म्हणून घाई करा म्हणलं ना मघाशी — ती ऑर्डर नाय. गजालाचा निकाह हाय. व्हय, आपली गजाला, तुमच्या ह्या काउंटरवर बसून बिस्किटं खायची ती. एवढ्या लोकांच्या पोरी मी बघितल्या ह्याच्यातून — रुसलेल्या, रडलेल्या, झोपेला आलेल्या — मला वाटायचं एक दिवस माझी बसंल समोर. तर ती परवा म्हणती कशी, 'अम्मी, वो कॅमेरा अब थक गया, तुम आराम से बैठो ना, दुल्हन की माँ हो.' लाडानं म्हणली, गळ्यात हात टाकून. सासरच्यांनी कॅमेरेवाल्या पोरी ठरवल्यात म्हणं. मी म्हणलं, थकला का? बरं, मग दुरुस्त करू. दुरुस्त नाय झाला तर नवा घेऊ, त्या पोरींकडं असंल तसला. म्हणून तर तडक तुमच्याकडं आले. नवा असला तर कशाला नाय म्हणतील? — आता तिची सासू मूळची वैजापूरची हाय, ते निराळं. ते निराळंच हाय. म्हणजे — नाय, निराळं कसलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय, भाऊ. पोरीला बी माहीत हाय. कॅमेरा थकला असं म्हणायचं, आई बदनाम झाली असं म्हणायचं नाय — एवढी समज हाय तिला, माझीच लेक हाय. मग नवा घेऊन काय करू सांगा? नवा घेतला तर म्हणतील, आता तर हिला लईच सोपं झालं. अन् जुनाच ठेवला तर माझी लेक अर्धी काळी.

जाऊ द्या. रविवार राहू द्या. नंतरचं बोलू — तुमच्या पुतणीचं, सायलीचं जमलं म्हणं ना? तुम्हीच म्हणला होतात, आपा, सायलीच्या हळदीला तुम्हीच पायजेत, आमच्यात पडदा नसला तरी बाईमाणसापुढं बायका मोकळ्या राहतात. ध्यानात हाय माझ्या. तुम्ही तरी काय माझ्याकडं पाठ फिरवणाऱ्यातले नाय. तवर ह्याचं काय होतंय बघू, नाय तर त्या दिवसापुरता तुमच्याकडचाच एखादा द्या, मी शिकून घेईन, मला काय अवघड नाय. तारीख कधीची धरली? — का वो? — पेचकस ठेवा की खाली, माझ्याकडं बघा. तारीख विचारली मी नुसती.

झाली?

कधी?

अस्सं. — नाय नाय, कशाला सांगता, घाईत झालं असंल, होतं असं. घरच्यांपुढं तुमचं तरी काय चालणार. पोरगी नांदती ना सुखानं? मग झालं तर. आणा तो इकडं. कागदात बिगदात गुंडाळू नका, पिशवी हाय माझ्याकडं. अन् ते गिऱ्हाईक कवाचं उभं हाय बघा दारात — विचारा त्याला, काय पायजे.