एकतीसनंतरची एक तारीख

गोजरबाई : हूक अजून खाली घे. वरवर अडकवलास तर वळणावर सुटंल.

कुंडलिक : काकू, मला क्रेन शिकवू नका. हायवेवर पलटी झालेले ट्रक काढतो मी, ही तर साधी जीप. पण राव, हिच्यावर झेंडूचे हार हायेत. काचेवर सुदर्शनचं नाव लिवलंय. नवरदेवाची गाडी उचलायची म्हंजे...

गोजरबाई : म्हंजे काय? नवरदेवाला माफी, असं बोर्डावर लिवलंय का?

कुंडलिक : तसं न्हाई लिवलं.

गोजरबाई : मग? एक, तीन, पाच तारखेला गाड्या समोरच्या बाजूला. दोन, चार, सहाला आमच्या बाजूला. आज तारीख काय?

कुंडलिक : एक जून.

गोजरबाई : आन जीप कुठं उभी हाय?

कुंडलिक : तुमच्या दारात. चुकीच्या बाजूला हाय, कबूल. पण सावळेराम शेठ तुमचे सख्खे दीर. शिवाय काचेला त्यांचा रहिवासी पास बी लटकतोय.

गोजरबाई : पास घराचा असतो, गाडीचा न्हाई. आपल्या घराच्या पासावर आपल्याच दारापुढं गाडी लावायची, मग तारीख कुठली का असंना. त्यांचं दार ते समोर, मांडव घातलाय तिथं. हे दार माझं. आन माझ्या घराचा पास हा बघ, माझ्या पिशवीत.

कुंडलिक : तुमच्याकडं तर सायकल बी न्हाई. पास कशाला काढला?

गोजरबाई : आजच्यासाठी.

कुंडलिक : म्हंजे?

गोजरबाई : लग्नाची पत्रिका हातात पडली, तवा आधी तारीख बघितली मी. भावजींची खोड साऱ्या पेठेला ठावं हाय. बोर्ड वाचायचा न्हाई, कॅलेंडर बघायचं न्हाई. काल गाडी त्या बाजूला व्हती ना, मग आज ह्या बाजूला, एवढंच डोक्यात. एकतीसच्या मागनं एक येतो, दोनी तारखा त्याच बाजूच्या, हे कोन ध्यानात धरतंय?

कुंडलिक : मी बी सुरुवातीला फसलो व्हतो. हवालदारानं लई शिव्या घातल्या.

गोजरबाई : काल दिवेलागणीला आले. 'वयनी, मांडवामुळं जागा नाही, गाडी तुमच्या दारात लावू का? उद्या तुमच्याच बाजूची तारीख आहे.' म्हनलं, लावा की. हार बी मीच ओवले.

कुंडलिक : काकू, तुमी लई डेंजर बाई हाय.

गोजरबाई : बोलू नगंस, ओढ. आधी माझं दार मोकळं कर. सकाळधरनं मागच्या गोठ्यातनं ये-जा करतीया मी.

कुंडलिक : ओढतो. हां... झालं मोकळं. आन ते बघा, शेठ आले. फेटा धरून पळत्यात.

सावळेराम : ए कुंडलिक! हात काढ गाडीवरचा! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? घरात लग्न आहे माझ्या!

कुंडलिक : शेठ, मी हुकमाचा ताबेदार. पेठेतली चुकीची गाडी दिसली की उचलायची, असं ठरलंय माझं पोलिसांशी.

सावळेराम : चुकीची कशी? काल एकतीस, गाडी तिकडं. आज इकडं. साधा हिशेब आहे.

कुंडलिक : आज एक हाय, शेठ.

सावळेराम : एक... अरे, हो की.

गोजरबाई : बसा भावजी ओट्यावर. दम लागला असंल.

सावळेराम : वयनी, सांगा ना ह्याला. तुमीच म्हणालात, लावा म्हणून.

गोजरबाई : लावा म्हनले. बरोबर हाय म्हनले का?

सावळेराम : बरं, दंड भरतो. फाड रे पावती, काय असंल ते.

कुंडलिक : पावती मी न्हाई फाडत. हवालदार कोपऱ्यावर चहा पितायत, ते येतील. मंग गाडी चौकीत. साहेब बंदोबस्ताला गेलेत, त्यांच्या सहीशिवाय गाडी सुटत न्हाई. दुपार तरी व्हनार.

सावळेराम : दुपार? अरे, दुपारी अक्षता आहेत पिंपळवंडीला! वऱ्हाडाच्या गाड्या पुढं गेल्या, बँड तेवढा थांबलाय. नवरदेवाला काय तुझ्या क्रेनवर बसवून नेऊ? आन लग्नसराईत दुसरी गाडी कुठनं आणू मी आता?

गोजरबाई : हवालदार यायच्या आत माझा पास काचेला लागला, तर गाडी माझ्या घरची. मंग कुनी हात लावत न्हाई. व्हय ना रे?

कुंडलिक : व्हय. हूक काढून घेतो मी.

सावळेराम : मग द्या ना वयनी! उपकार होतील तुमचे.

गोजरबाई : रत्नाचं लग्न आठवतं का?

सावळेराम : आता कशाला ते? आज शुभ दिवस आहे.

गोजरबाई : त्या दिशी बी शुभच व्हता. ओट्यावर तुमाला कांद्याचा गाळा काढू दिला न्हाई, म्हनून जीप आणून लावलीत माझ्या दाराला. अशी खेटून, की मांजर जाईना. आन किल्ली खिशात घालून लेण्याद्रीला दर्शनाला गेलात.

सावळेराम : दर्शनाला जायचं आधी ठरलं होतं.

गोजरबाई : भाच्याच्या, पुतणीच्या लग्नाला लोक रजा काढून येत्यात. तुमी देवाला गेलात! पाठवणी खोळंबली. व्याही घड्याळ बघाया लागले. बँड पुढं वाजत व्हता आन माझी पोरगी मागनं गेली. शालूचा काठ शेणानं भरला. गटारावर फळी टाकली, तिच्यावरनं उतरली ती. अजून तिची सासू भांडली की म्हनती, 'गोठ्यातनं आलेली.' लेकरं शाळेत जाया लागली तिची, तरी म्हनती!

सावळेराम : माझं चुकलं. बास? चुकलं म्हणतो ना. पाया पडू का?

गोजरबाई : पाया नगा पडू. फेटा सुटंल.

कुंडलिक : काकू, सुदर्शनचा काय दोष? पोरगं मुंडावळ्या बांधून बसलंय.

गोजरबाई : त्याचा काय बी दोष न्हाई. त्या दिशी रत्नाची ट्रंक त्यानंच डोक्यावर घेतली व्हती, रडत व्हता मुलखाचा. तो माझ्या हातनं ओवाळून घेईल आन इथनंच, पेठेतनं, वाजत गाजत गाडीत बसंल. त्याला म्या अडवलं न्हाई.

सावळेराम : मग अडवलंय कुणाला?

गोजरबाई : तुमाला. वरबाप माझ्या घरात पुढल्या दारानं येईल, मागल्या दारानं जाईल. गोठ्यातनं. तिथनं गल्लीनं वळसा घालून एस्टी स्टँडावर जीप गाठायची.

सावळेराम : वेड लागलंय का तुमाला? मी? ह्या धोतरात? चार गावची माणसं ओळखतात मला!

गोजरबाई : म्हनूनच बँडवाल्यांना सांगून ठेवलंय. आधी मागच्या गल्लीत वाजवा, मंग पुढं या. रत्नाला वाजवायला कुनी नव्हतं तिथं.

सावळेराम : नाही जायचो. मरण आलं तरी नाही.

गोजरबाई : बरं. कुंडलिक, उचल.

कुंडलिक : शेठ, हवालदारांनी कप खाली ठेवला बघा. मला आता उभं राहता यायचं न्हाई.

सावळेराम : थांब! थांब रे जरा. वयनी, दुसरं काय बी सांगा. ओटा तुमचा, समोरची जागा तुमची, पुन्हा गाडी लावायचो न्हाई. शपथ घेतो.

गोजरबाई : ते बोर्डानंच केलंय. तुमची शपथ मला कशाला?

सावळेराम : दया येत न्हाई का वो तुमाला?

गोजरबाई : त्या दिशी तुमाला येईल म्हनून मी दोन माणसं पाठवली व्हती मागं. किल्ली द्या म्हनावं. हात जोडले त्यांनी. तुमी वर लेण्यांच्या पायरीवर बसून खिचडी खात व्हता.

कुंडलिक : निघाले हवालदार. पावतीपुस्तक हातात हाय.

सावळेराम : ...जातो. जातो म्हणलं ना! लावा तो पास.

गोजरबाई : कुंडलिक, हा धर पास. काचेला लाव. पण हूक काढू नगंस. भावजी पलीकडं गल्लीत उतरल्याचा बँड ऐकलास, की मंग काढ.

कुंडलिक : लावला. काकू, रत्नाताई आल्यात का लग्नाला?

गोजरबाई : आलीय ना. गोठ्याच्या दारात उभी हाय. सासूला बी बोलावलंय मुद्दाम, पाव्हणी म्हनून. दोघी शेजारी शेजारी उभ्या हायेत.

सावळेराम : वयनी...

गोजरबाई : चला आत. सैपाकघरातनं सरळ. गाय मारकी न्हाई.

(मागच्या गल्लीत बँड सुरू होतो.)

सावळेराम : इथं लई शेण हाय वो. आन पुढं पानी. फळी कुठं हाय?

गोजरबाई : तिथंच हाय, तेव्हापासनं. चपला हातात घ्या भावजी. रत्नानं घेतल्या व्हत्या.