दारू सोडलेल्यांचा पत्ता

आणि वर मलाच विचारतात, "कधीपासून घेता?" मला! अहो, तुम्हाला सांगतो, थेंब घेतलेला नाही मी, थेंब! चार वर्षं काशीला शिकलो, पहाटे गंगेत बुडी मारली, सूत कातलं, आणि गावी येऊन दोन महिने होत नाहीत तोच धरणगावच्या भर बाजारात लोक माझं तोंड हुंगतात... का? तर मी पत्ता विचारला. नुसता पत्ता!

कशाचा पत्ता, ते ऐका. माझे थोरले बंधू, अभिमनभाऊ. माणूस लाखातला, पण बाजार करून परत निघाला की रस्त्यात गुत्ता, आणि गुत्त्यापाशी गाडी आपोआप थांबते. हाकणारा झोपलेला असला तरी! बैलांनाच सवय लागलेली, आता काय म्हणायचं? शेवटी भागावहिनी उठल्या आणि माहेरी बोदवडला निघून गेल्या. निरोप एकच, "एक बाजार कोरडा जाऊ द्या, मग येते." त्या दिवसापासून भाऊने सोडली. नऊ दिवस! हात थरथरतात, जेवण जात नाही, पण सोडली. गेला बाजार तर त्याने अंथरुणात पडूनच काढला, आणि पुढचा आला चार दिवसांवर. मी काय गप्प बसतो? आल्यापासून रोज तासभर सांगतोय त्याला. यकृत सांगितलं, आत्मा सांगितला, राष्ट्र सांगितलं! तर म्हणतो कसा, "धाकल्या, तुन्हं बठ्ठं खरं शे. पन माले एखादा सुटेल मानूस दखाड. त्याना जोडे बसाडी दे." जो सुटलाय त्याच्या शेजारी बसव, म्हणाला. बस्स. एवढंच मागणं!

म्हटलं, त्यात काय अवघड? धरणगावला दारूबंदी समिती आहे, पाटी आहे, खुर्च्या आहेत. गेलो. अध्यक्ष रतिलालशेठ. "या, या! अठरा सभासद आहेत आमचे." मी म्हटलं, "त्यांत सोडलेले किती?" शेठ दचकलेच. "सोडलेले? छे छे! आमच्यात कुणी घेतलेलीच नाही!" अहो, मग ज्याला सोडायची त्याने बसायचं कुणाशेजारी? तुमच्या खुर्चीशेजारी? "बसायचं कशाला? पुढच्या महिन्यात मिरवणूक आहे. तुमच्या भावाला सगळ्यांत पुढे उभं करू, गळ्यात पाटी, 'मी दारुडा होतो'!" पाटी! माझ्या भावाच्या गळ्यात! पोळ्याचा बैल आहे का तो? मी ताडकन उठलो, तर शेठ हळूच, माझा हात धरून, "आणि तुमचं स्वतःचं... कधीपासून?" थेंब नाही हो, थेंब!

दोन दिवस हिंडलो. देवळात विचारलं, शाळेत विचारलं, चावडीत विचारलं. जो तो आधी माझे डोळे बघतो, लाल आहेत का! शेवटी भाजीवाली सुंदरबाई म्हणाली, "अरे भाऊ, गुत्तावालाले इचार ना! कोन येत नही, ते त्यालेच माहीत."

बरोबरच की! गेलो गुत्त्यात. जन्मात पहिल्यांदा, नाक दाबून. आत दोन पावलं टाकली नाहीत तोच मागून आमच्या गावचा जीवराम, "राम राम, काशीवाले!" झालं! मी घरी पोचायच्या आत गावभर! थेंब... जाऊ द्या.

गुत्तेवाला मात्र माझ्याहून चिडलेला. "कोण येत नाही? तो हाशम पिंजारी येत नाही! आणि माझी सात गिऱ्हाइकं फोडली त्याने! बाजार उठला की नाक्यावरच्या चिंचेखाली जमतात, गाडीमागे गाडी बांधतात, सगळे पुढच्या गाडीत दाटीने बसतात आणि गप्पा मारत माझ्या दारावरून जातात. एकाला थांबायचं म्हटलं तर आठांना थांबावं लागतं... मेले थांबतच नाहीत!"

घ्या! मी पाटी शोधतोय, अध्यक्ष शोधतोय, आणि ती सभा बैलगाडीत!

बाजाराच्या दिवशी नेलं भाऊला. हाशमचाचा म्हणाले, "आओ अभिमनभाऊ, मेरे बाजूमें." आमच्या बैलांचा कासरा पुढच्या गाडीला बांधला. मीही चढलो, खिशातून भाषणाचा कागद काढला. तर तोताराम नाना, पांढऱ्या मिशांचे, "तू कधी पिना का रे?" मी छाती काढून म्हटलं, "थेंब नाही!" "मंग खाले उतर."

उतरलो! काय करता? धुळीत, सगळ्यांच्या मागे, पायी! गुत्ता आला. आमचे बैल बाजूला ओढायला लागले, कासरा ताणला, गाडी करकरली, आणि भाऊ बोलता बोलता गुत्त्याच्या दाराकडे बघायला लागला. मग नाना मोठ्याने, "अभिमन, जास्ती कधीपाइन पेवाले लागना तू?" आणि भाऊ, "हाऊ धाकला काशीथून उना ना, तवयपाइन!" मी काशीहून आलो तेव्हापासून, म्हणे! आठही जण खो खो हसले, आणि त्या हसण्यात गुत्ता मागे पडला सुद्धा.

वहिनी आल्या परत. आता सहा बाजार झाले, मी सहाही वेळा तीन कोस धूळ खात चाललोय. परवा हाशमचाचांना दया आली. "आज तो बैठो, भाई." मी चाकावर पाय ठेवला मात्र, आतून भाऊ ओरडला, "त्याले चढू नका देऊ! गुत्ता आजून पुढे शे!"

चालतो, बाबा. चालतो.