वड मीच भट्टीत घातला

आमचं गाव खारबावच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला, नाव नका लिहू ताई, लिहिलंत तर उद्या चार जण तुमच्या शाळेत विचारायला येतील. बाप भात लावायचा आन भरतीला खाडीत जाळं टाकायचा, आमी पाच भावंडं, मी मधला, मधल्याला कोन विचारतो, मोठ्याला शेत आन धाकट्याला लाड. मी सातवी नापास. मंग एक दिवस बाप बोलला, काशा, भिवंडीत जा, तिथं हातांना काम हाय. गेलो सायकल मारत, ऐंशी-एक्याऐंशीचं साल असंल, आन सायझिंगमध्ये लागलो.

तुमी मास्तरीण, लूम तुमाला म्हाईत असंल, सायझिंग कदाचित न्हाय. सूत लूमवर चढायच्या आधी त्याला खळ लावतात, मंग गरम पिंपांवरनं सुकवून बीमवर, म्हंजे मोठ्या रुळावर, गुंडाळतात, त्या पिंपांना वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आन बॉयलरला मी लागायचो. लाकूड टाकायचं, काट्यावर नजर ठेवायची, काटा खाली आला की लाकूड, वर चढला की थांबायचं, येवढंच काम, पन चुकलात तर बीमवरचं सूत ओलं ऱ्हातं, सगळा माल वाया आन आख्ख्या पाळीची रोजी बुडते. पहिली दोन वर्षं नुसतं लाकूड वाहिलं, मंग मिस्तरी बोलला, आता तू दार सांभाळ. दार म्हंजे भट्टीचं दार. काय सांगू तुमाला, मला लाकडाची येवढी वळख झाली की डोळे मिटून सांगावं, बाभूळ तडतडते, चिंच संथ जळते, आंब्याचा धूर डोळ्याला झोंबत न्हाय. ट्रक यायचे शहापूर-वाड्याकडनं, कधी आमच्याच बाजूनं. कुठलं झाड, कोनी तोडलं, आमी कधी विचारलं न्हाय. भाकर खाताना कोन विचारतो जोंधळा कुनाचा.

गावात तवा मला मान व्हता बरं का. भाऊशेठनं शाळेच्या भिंतीवर झाडं लावायचा फलक रंगवला, त्या रंगाचे पैसे देनाऱ्यात माझं नाव व्हतं. भाऊशेठ म्हंजे गावातला मोठा मानूस, खरं नाव वेगळं, तुमी भाऊशेठच लिहा. काल्हेरकडं गोडावनं उभी ऱ्हायला लागली, तवा पहिली जमीन यानंच विकली. बोलायला मात्र गोड. काशिनाथ, तुझ्यासारख्या कष्टाळू मानसांनी गाव उभं हाय, असं बोलायचा. मी फुगायचो. आता हसू येतं.

आन तारा. माझी बायको. तिचं सांगितल्याशिवाय वडाचं कळनार न्हाय. तारा दिघाशीची, बोलायला फटकळ, माझ्यापेक्षा जास्त, आमच्या घरात दोघं बी फटकळ म्हंजे पोरीनं कानावर हात ठेवायचे. पोर एकच, सुनंदा. तर गावाच्या तोंडाशी, रस्ता वळतो तिथं वड व्हता, माझ्या आज्यानं पन तो मोठाच बघितला व्हता. वटपौर्णिमेला आख्ख्या गावच्या बायका तिथं, सात फेरे मारून दोरा गुंडाळायच्या, सात जन्म हाच नवरा दे म्हनून मागायच्या. मी ताराला चिडवायचो, येवढ्या शिव्या देतेस मला आन सात जन्म मागतेस, एकाच जन्मात कंटाळा न्हाय का आला. ती बोलायची, सुधरवायला सात तरी लागतील. असं व्हतं आमचं. बरं चाललं व्हतं.

त्या वर्षी वटपौर्णिमा झाली आन पंधरा-वीस दिवसांत लावण्या लागल्या. पोर तवा सातवीत व्हती. सगळं गाव शेतात चिखलात वाकलेलं, पाऊस धो धो, आन त्या वेळेला बरोबर वड पडला. पडला न्हाय, पाडला. भाऊशेठच्या जमिनीकडं ट्रक वळायला जागा नव्हती, वड आडवा येत व्हता. बाहेरची मानसं आनून दोन दिवसांत तोडला, वर सांगितलं, आतून पोकळ झाला व्हता, पोराबाळांच्या अंगावर पडला असता. मानसं कमी म्हनून मी ते तीन दिवस भिवंडीतच, रात्री झोपायचो बी सायझिंगमध्येच. मला यातलं काय बी म्हाईत न्हाय.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला, लाकूड ओलं. मी पहिला ओंडका उचलला आन हाताला चीक लागला, दुधासारखा. वड कोन भट्टीत घालतो, धूर जास्त आन ऊब कमी, पन पावसात सुकं लाकूड मिळत न्हाय, लाकूडवाला जे देईल ते. दुसरा ओंडका उलटा केला तर त्याला दोरा. पांढरा दोरा, एकावर एक, पावसानं काळवंडलेला, हळद-कुंकवाचे डाग तसेच. आपल्या बाजूला गाववार वड हाईत, कुठला बी असंल असं मनाला सांगितलं. मंग सालीवर खिळा दिसला. चार वर्षांपूर्वी मीच ठोकला व्हता, भाऊशेठच्या सभेचा कागद लावायला.

मी दोरा सोडवायला गेलो. नखानं, मंग कोयत्याच्या टोकानं. चिकात बसला व्हता, सुटत नव्हता. इद्रिसभाई, माझा जोडीदार, आजमगडचा, काट्याकडं बघून बोलला, काशीभाई, प्रेशर गिर रहा है. मी बोललो, रुक. तो बोलला, रुकूँ कैसे, बीम चढा हुआ है. काटा खाली यायला लागला. दोनच मानसं आमी, दुसरं लाकूड मागं भिजत पडलेलं, ते आनायला वेळ व्हता का? व्हता, ताई. पाच मिनिटं व्हता. सूत थोडं खराब झालं असतं, शेठ ओरडला असता, पाळीतली मानसं मला बोलली असती. येवढंच झालं असतं. मी दार उघडलं आन दोऱ्यासकट ओंडका आत घातला. आधी दोरा जळला, एकदम, मंग चीक उकळत बाहेर आला.

पाळी सुटल्यावर ढिगातनं मनगटायेवढी एक हिरवी फांदी काढली, सायकलीला बांधली आन घरी आनली. का आनली इचारू नका, हात रिकामे घेऊन घरी जायला लाज वाटली असंल. दारात तारा. तिला तवर वड गेल्याचं कळलं व्हतं, डोळे सुजलेले. फांदीकडं बघितलं आन बोलली, तुमच्याकडं आला का? खोटं बोललो असतो तर आज माझं घर असतं. इद्रिसभाई नंतर मला हेच बोलला, औरत को ये बात कौन बताता है, बेवकूफ. पन मला खोटं बोलताच येत न्हाय, आमच्या बापाचा तोच रोग. मी बोललो, आला. तिनं विचारलं, तुमी घातला? मी बोललो, मी घातला. दोरा व्हता? व्हता. मंग तिनं आत जाऊन भाकऱ्या थापल्या, मला वाढलं आन स्वतः न जेवता पोरीजवळ जाऊन बसली.

बायकांनी गावात आवाज केला. दोन-चार दिवस लई तापलं व्हतं. मंग भाऊशेठनं शाळेत कार्यक्रम ठेवला, ठाण्यावरनं एक बाई आनली, पर्यावरणाचं सांगायला. बाई चांगली व्हती, मनापासून बोलत व्हती. पृथ्वी तापते आहे, बोलली, झाडं जातात, धूर वाढतो, पाऊस बिघडंल, याला आपन सगळेच जबाबदार आहोत. मी मागं बसलो व्हतो. तापायचं मला कोनी शिकवायला नको, माझं आख्खं आयुष्य तापण्यात गेलं. पन ते सगळेच म्हनल्यावर पुढच्या रांगेतनं एकेक मान वळायला लागली, माझ्याकडं. भाऊशेठनंच आधी पसरवलं व्हतं ना, वडाचं काय विचारता, भिवंडीची भट्टी सगळं रान खाते, आन तिच्या दाराशी आपलाच काशिनाथ उभा असतो. भाऊशेठच्या गळ्यात हार, समोर रोपटं, फोटोवाला तयार.

मी उठलो. बोललो, वड मीच भट्टीत घातला, माझ्या हातानं, माझं चुकलं. आता ज्यांनी तोडायला सांगितला, ज्यांनी विकला, ज्यांनी ट्रकमध्ये भरायला हात लावला, त्यांनी बी उठावं. खरं सांगतो ताई, मला वाटलं व्हतं एक तरी उठंल. गाड्या भरायला गावचे चार जण व्हते, मला नावं म्हाईत व्हती, समोरच बसलेले. मी उभा ऱ्हायलो. किती वेळ ते म्हाईत न्हाय, पन पाय दुखायला लागले इतका वेळ. मंग भाऊशेठ स्टेजवरनं खाली उतरला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आन माईकवर बोलला, चूक कबूल करायला मोठं मन लागतं, आपल्या काशिनाथनं आज ते दाखवलं, टाळ्या वाजवा. आन लोकांनी वाजवल्या. वाजवल्या म्हंजे काय, विषयच मिटवला. टाळ्या चालू असतानाच तारा उठून घरी गेली.

त्याचं रोपटं पंधरा दिवसांत बकरीनं खाल्लं. तो भाग येगळा.

त्यानंतर तारा माझ्याशी बोलायची कामापुरतं. मीठ संपलंय, पोरीची फी हाय, पानी तापलंय. भांडायची पन न्हाय, तेच मला लागायचं, जिनं मला दिवसाला दहा शिव्या घातल्या तिची एक शिवी ऐकायला मी तरसलो. दुसऱ्या वर्षी वटपौर्णिमेला गावच्या बायका बाजारातनं वडाच्या फांद्या विकत आनून पूजा करायला लागल्या. म्हंजे बघा, वड तोडला म्हनून मला बोलनाऱ्या, आन पूजेला फांदी तोडलेली चालते. तारानं तसं केलं न्हाय. ती त्या दिवशी नेहमीसारखी शेतात गेली. ना उपास, ना दोरा. मी एकदा चिडून बोललो, अगं चुलीत तू रोज रानातली मोळी घालतेस, तुझ्या अंगावरचं लुगडं याच वाफेवर सुकलेल्या सुताचं, मंग एकट्या माझ्यावर का? तिनं शांतपने सांगितलं, लुगड्याला मी कधी हात जोडले न्हायत. मोळीला पन न्हाय. वडाला जोडले, तुमच्यासाठी.

तुमी विचाराल, मंग नोकरी सोडली का. न्हाय सोडली. आनखी आठ वर्षं त्याच दाराशी काढली, पोरीचं लगीन व्हायचं व्हतं, काल्हेरला दिलं तिला. भाऊशेठला मी ढोंगी बोलतो, पन रोज सकाळी सायकल कुठं वळत व्हती, तिकडंच ना. माझ्यात आन त्याच्यात फरक येवढाच की मला झोप लागत न्हाय. तेवढ्यानं कुठलं झाड परत येतं?

ती फांदी मी मागच्या दारी खोचली व्हती. पाऊस असल्यानं धरली. मी पाळीवरनं यायचो तवा तिच्या बुडाची माती ओली दिसायची, उन्हाळ्यात पन. आमच्या घरात तिघंच, पोर शाळेत, मी भिवंडीत, मंग उरलं कोन? विहीर लांब, एकेक हंडा डोक्यावरनं आनायचा आन त्यातलं पानी झाडाला. मी कधी विचारलं न्हाय आन तिनं कधी सांगितलं न्हाय. नंतर दगड मांडून आळं केलेलं दिसलं, काट्यांचं कुंपन दिसलं. एका वटपौर्णिमेला मी धीर करून बोललो, आपल्या दारातच हाय की, औंदा करशील का पूजा? तिनं झाडाकडं बघितलं, बोलली, ल्हान हाय अजून. बस. न्हाय पन बोलली न्हाय आन व्हय पन न्हाय. मी त्या तीन शब्दांवर दोन वर्षं काढली. म्हंटलं, मोठं व्हईल, झाडाला काय घाई.

तीन वर्षांपूर्वी माघात तारा गेली. दम्यानं. डॉक्टर बोलला चुलीचा धूर, सुनंदा बोलली तुमच्या कपड्यातला धूर. आदल्या दिवशी मी पानी पाजत व्हतो तर नुसती खिडकीतनं मागच्या दाराकडं बघत व्हती. मी बोललो, घालतो मी पानी, तू पड. तवा माझ्या मनगटावर हात ठेवला. आता तो माफ केल्याचा व्हता का पेला धरायचा व्हता, ते मला आजवर कळलं न्हाय. कळून घ्यायला विचारनार कुनाला.

आता झाड मांडीयेवढं जाड झालंय. गावात दुसरा वड न्हाय, म्हनून दोन वर्षं झाली, बायका इथंच येतात. पहिल्या वर्षी कुंपनाबाहेर उभ्या ऱ्हायल्या, मी घरात असल्यानं आत येईनात. मला समजलं. आता त्या दिवशी मी सकाळीच दार उघडं टाकून खारबावच्या स्टेशनावर जाऊन बसतो, डबा घेऊन. गाड्या बघतो. स्टेशनातला कुली विचारतो, काका कुठं जायचं, मी सांगतो, कुठंच न्हाय, माझ्या घरी पाहुणे हाईत. दुपार कलली की परत येतो. झाडाला दोरे असतात, खाली आंबे, केळी, कुंकू. कोनी माझ्यासाठी एक फळ उंबऱ्यावर ठेवलंय असं कधी झालं न्हाय. बरोबर हाय त्यांचं.

औंदा सगळ्या गेल्यावर मी बी एक फेरा मारला. दोरा न्हाय, बाप्या मानसानं काय दोरा बांधायचा. हात जोडले फक्त. बोललो, तारा, तू मागायचं सोडलंस ते बरोबर केलंस. पुढच्या जन्मी तुला दुसरा मिळू दे, बरा, आन त्याला पाच मिनिटं थांबता येऊ दे.

तुमी आलात ते तुमच्या पोरांनी सांगितलं म्हनून, वडवाला म्हातारा, झाड लावनारा. लिहा, लावलं ते खरं हाय. पन त्याच्या वर लिहा की आधी जाळलं, दोऱ्यासकट, आन जाळनाऱ्याचं नाव काशिनाथ. ते एक नाव लिहायला माझी हरकत न्हाय. तुमचं बरं व्हवो, तुमची पोरं शहाणी निघोत. जाताना मागचं फाटक ओढून घ्या ताई, बकऱ्या शिरतात.