चढावरचे झटके

अरे, माह्या गाडीचं तर तुमाले सांगितलंच नाही. कापसाचे भाव पडले, आमची सरकी काढाची जिनिंग मिल बंद झाली, तवा त्या जुन्या गाडीच्या भाड्यावरच घर चालून राह्यलं होतं. मंग तीही चढावर झटके देऊन बंद पडाले लागली. प्लग बदलले, पंप बदलला, फरक शून्य. शेवटी वैतागून फुलसावंगीच्या एका माणसाले विकली.

गाडी गावापर्यंत पोचावी म्हणून त्यानं रशीदभाई मिस्त्रीले सोबत आणलं होतं. रशीदभाईनं बॉनेट उघडून हवा मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढली. इंजिन एकदम गुळगुळीत चाललं.

"सेन्सरच खराब हाये, इंजिनले हवेचं चुकीचं माप देते. बाकी गाडी एक नंबर!"

घेणारा हसत हसत गाडी घेऊन गेला. बायको दारात उभी होती.

"चांगली तर चालून राह्यली," ती म्हणे, "मंग विकली कायले?"