हाक न मारता

भावजय : सोडू का, वन्सं?

नणंद : थांब गं, आधी मला पायरीवर पाय तर रोवू दे. मी घसरले तर एका वेळी दोन म्हातारी बाहेर काढावी लागतील तुला. हं, टॉवेल घेतला. सोड आता.

भावजय : सोडला.

नणंद : ये माझ्या फौजदारा, ये. इकडे, इकडे. पाय मार. मान बघ कशी ताठ, जसा काही चौकशीलाच निघालाय. ये राजा, ये. आला. वहिनी, आला गं, परत आला. लागोपाठ चारदा.

भावजय : पायरी त्याची त्याने शोधली, की तुम्ही ओढलंत?

नणंद : बोट लावलं असेल तर शपथ. पुढचे दोन पाय आपले आपण पायरीवर ठेवले त्याने. डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय कुरकुरणारे, आणि या वयात पोहायला शिकला. प्राण्यांचे डॉक्टर काय म्हणाले होते? "म्हातारं कुत्रं काही शिकत नाही असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला माझ्याकडे घेऊन या, मी त्यालाच तपासतो."

भावजय : डॉक्टर असंही म्हणाले होते की मध्ये मध्ये त्याला बसू द्या. दमलाय तो. आणि पुलातलं पाणी चाटतोय बघा, त्याला तो वाडगा दाखवा.

नणंद : पी बाबा, हे पी. पोहायच्या हौदातलं औषधाचं पाणी नको. वहिनी, मी याच्या बापाला फोन लावते.

भावजय : याचा बाप म्हणजे माझा नवरा?

नणंद : मग कोण? सांगते त्याला, तुझी अट पुरी झाली म्हणून. काय ऐटीत बोलला होता त्या दिवशी. "ताई, एक तर पूल बुजवू, नाहीतर कुत्र्याला दुसरीकडे ठेवू. मला रोज कामावर बसून घरात काय बुडलं याचा विचार करायचा नाही." लहानपणी माझ्या पदराला नाक पुसायचा हा. आता अटी घालतो.

भावजय : आणि तुम्ही काय बोललात, तेही सांगा की.

नणंद : बोलले त्यात काय चुकलं? पूल तुझ्या कंबरेसाठी आहे. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी गाडीत बसतेस, एका पायाने त्यांचा ब्रेक सांभाळतेस. पाण्यात उतरायला लागल्यापासून सरळ चालायला लागलीस तू. तो बुजवायचा? माझ्या जिवंतपणी नाही. आणि कुत्रं जिथे जाईल तिथे मी जाईन. मैत्रिणीने तिची वरची खोली देऊ केलीये.

भावजय : तिसरा मजला. लिफ्ट नाही.

नणंद : उचलून नेईन त्याला.

भावजय : तुम्ही? तुम्हाला पिशवी उचलून आणायला माणूस लागतं. आणि बॅग भरून दाराशी ठेवलीत ती ठेवलीत, वर मला सांगायचं नाही. मी सकाळी अंधारात तिला अडखळून पडले असते.

नणंद : पण आता नाही ना जायचं. त्यानेच कबूल केलं होतं, पुलाला कुंपण बसवू आणि हा स्वतःचा स्वतः बाहेर यायला शिकला तर राहू दे. कुंपण बसलं. पुलावरचं ते निळं कव्हर, ज्याला हा जमीन समजून चालत गेला आणि आत पडला, तेही गुंडाळून माळ्यावर टाकलं. आणि बाहेर यायलाही शिकला. वाजव टाळ्या.

भावजय : जरा थांबा. मला एक बघायचंय.

नणंद : आता आणखी काय?

भावजय : तुम्ही पायरीवर नका उभ्या राहू. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जा, त्या खोल बाजूला. आणि तिथून हाक मारा.

नणंद : तिथून कशाला? पायरी इथे आहे.

भावजय : म्हणूनच. मी त्याच्याजवळच आहे, त्याच्या तरंगायच्या जाकिटाच्या मुठीवर हात ठेवून. काही होणार नाही.

नणंद : बाई, तुझं काहीतरीच. बरं. पोचले. मारू हाक? फौजदारा, ए राजा. अगं, हा इकडे का येतोय? अरे तिकडे, तिकडे जा, पायरी तिकडे. वहिनी, भिंतीला पंजे मारतोय. वहिनी, धर त्याला.

भावजय : धरलाय. केव्हाच धरलाय. बघा, आहे माझ्या हातात. या इकडे, बसा.

नणंद : असं कसं झालं? चार वेळा बरोबर आला होता.

भावजय : चार वेळा तुमच्याकडे आला होता. पायरीकडे एकदाही नाही.

नणंद : म्हणजे?

भावजय : माझ्या शिकाऊंचं असंच होतं. रस्त्याकडे बघतच नाहीत. मी "हं" म्हटलं की वळतात, श्वास धरला की ब्रेक मारतात. मला वाटतं पोरगी काय सुरेख चालवायला लागली. परीक्षेला मी शेजारी नसते, आणि ती सरळ जाऊन खांबाला भेटते. त्यात तिची चूक नसते. मीच तिला गाडीऐवजी माझं तोंड वाचायला शिकवलेलं असतं.

नणंद : वहिनी.

भावजय : हं.

नणंद : त्या दिवशी तो कव्हरवरून आत गेला, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. वरून किंचाळत होते त्याच्या नावाने. तू कपड्यांसकट उडी मारलीस तोवर तो त्या खिडकीखालीच भिंत ओरबाडत होता. मी सगळ्यांना सांगत सुटले, म्हातारपणी याला दिशाच कळत नाही.

भावजय : दिशा चुकला नव्हता तो. तुमच्याकडे येत होता.

नणंद : आणि तिथे वर यायला काहीच नाही.

भावजय : आता रडू नका. रडायला वेळ नाही आपल्याकडे, हे यायच्या आत त्याला नव्याने शिकवायचंय. तुम्ही फक्त एक करायचं. गप्प बसायचं.

नणंद : जन्मभर बालवाडीत ओरडले मी.

भावजय : म्हणून तर सांगते. तो टॉवेल तोंडात धरा हवं तर.

नणंद : पण मी गप्प बसले तर त्याला कळणार कसं कुठे जायचं? दिसत तर धड नाही.

भावजय : घरात कसं कळतं? दुपारी सगळ्या खोल्यांतून गस्त घालतो तेव्हा?

नणंद : भिंतीला खांदा लावून जातो. तुमच्या भिंतींवर पट्टा उठलाय त्याच्या केसांचा. मी पुसते रोज, तुला दिसू नये म्हणून.

भावजय : मला माहीत आहे. मी कोपरे पुसते, तुम्हाला दिसू नयेत म्हणून. मग पाण्यातही भिंत आहेच की. भिंत सोडली नाही तर कधी ना कधी पायरीला लागेलच. मध्ये नेऊन सोडायचंच नाही त्याला. काठाला खांदा टेकवून द्यायचा, आणि आपण मूग गिळून बसायचं. या बाजूने जमलं की त्या बाजूने.

नणंद : जमेल?

भावजय : माझ्याकडे एक गृहस्थ येत होते, त्यांना रिव्हर्समध्ये गाडी घालता यायला लागली. मग याला का नाही? टॉवेल तोंडात. सोडते.

नणंद : म्म.

भावजय : बोलायचं नाही.

नणंद : म्म म्म.

भावजय : चालला. वन्सं, भिंत धरून चालला. तसाच, घरातल्यासारखा. कोपरा आला. वळला. पायरी. पाय टेकले. आता तोंडातला टॉवेल काढा, माझ्यावरच चिडून बघताय तुम्ही.

नणंद : चिडून नाही गं, श्वास कोंडला होता माझा. वळला? आपला आपण वळला? परत घे. दुसऱ्या बाजूने घे. मी त्या खुर्चीवर पाठ करून बसते, म्हणजे त्याला वासही नको माझा. आधी जरा पुसू दे त्याला, थरथरतोय. बस, बस. दमलास ना. मग पुन्हा जायचं आपल्याला.

(कुंपणाचं फाटक वाजतं. भाऊ आत येतो, ऑफिसची पिशवी खांद्याला तशीच.)

भाऊ : हे फाटक उघडं कसं राहिलं होतं?

नणंद : आलास? अरे, आपोआप बंद होतं ना ते?

भाऊ : होतं, पण मध्ये चप्पल अडकली होती. तुझीच आहे. बघ ताई, हेच म्हणत होतो मी. कुंपण कितीही भारी घाला, एक दिवस चप्पल अडकणारच. गॅसवाला येईल, पाहुणे येतील, कोणीतरी विसरणारच. आपण माणसंच आहोत.

भावजय : अहो, म्हणून तर दुपारपासून त्याला शिकवतोय. येतो आता बाहेर.

भाऊ : तुम्ही बोलावल्यावर येत असेल. घरात कोणी नसताना काय?

भावजय : न बोलावता येतो.

भाऊ : ताई समोर असताना, न बोलावता? ताई गप्प होती?

नणंद : ये, तूही टिंगल कर. टॉवेल चावला मी आज, विचार हिला.

भाऊ : बरं. मग मला एकदा बघू दे. तो ज्या कोपऱ्यातून आत गेला होता तिथूनच. जाकीट नको. त्या दिवशी कुठे जाकीट होतं?

नणंद : जाकिटाशिवाय? अरे, माणूस आहेस की कोण?

भावजय : वन्सं, बरोबर बोलतायत ते. मी पाण्यातच आहे, हात लांब केला की पोचतो. पण बोलणार नाही मी. तुम्ही दोघं आत जा. स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्या. काचेआड राहा, म्हणजे आवाज येणार नाही.

नणंद : खिडकी लावायची? मला बघवणार नाही.

भाऊ : चल, मी आहे. तू बघू नकोस, मी सांगतो.

नणंद : आलास मोठा सांगणारा. लाव खिडकी. आधी कडी नीट बघ, ती सैल आहे. काय करतेय ती?

भाऊ : त्याचं जाकीट काढतेय. कानात काहीतरी बोलली त्याच्या.

नणंद : बोलायचं नाही म्हणाली होती.

भाऊ : पाण्यात सोडल्यावर नाही बोलायचं, ताई. सोडला.

नणंद : मग?

भाऊ : खाली गेला जरा. वर आला. पाय मारतोय.

नणंद : भिंत? भिंत धरली?

भाऊ : नाही अजून. गोल फिरतोय. कान वर करून, कोणाचा आवाज येतोय का ते बघतोय.

नणंद : मला शोधतोय. सोड, मला खिडकी उघडू दे.

भाऊ : ताई, हात काढ कडीवरून.

नणंद : एकदाच हाक मारते. एकदाच. पायरीकडे तोंड करून मारते.

भाऊ : या खिडकीतून मारलीस तर तो या खिडकीखालीच येणार.

नणंद : माहीत आहे रे. माहीत आहे. ती काय करतेय?

भाऊ : काही नाही. नुसती उभी आहे. हात पाण्याखाली तयार ठेवलेत, पण हलत नाही. तिचंही तोंड बघण्यासारखं झालंय. थांब. भिंतीला लागला.

नणंद : खांदा? खांदा लावला?

भाऊ : लावला. चालला. अगं हा तर पाण्यात गस्त घालतोय. आपल्या खालून चाललाय, इथून, या खिडकीखालून.

नणंद : इथे थांबला?

भाऊ : नाही थांबला. पुढे गेला. कोपरा. वळतोय की नाही... वळला. ताई, पायरी. पुढचे पाय वर. मागचा घसरला. परत घेतला. उभा आहे. बाहेर आहे, ताई.

नणंद : आलाच?

भाऊ : उघड डोळे आणि बघ. अंग झाडून तुझ्या भावजयीला भिजवलं, जशी काही ती कोरडीच होती. ती वेडी पाण्यात हसतेय की रडतेय, कळत नाहीये. आता वाडग्याकडे गेला. पाणी पितोय.

नणंद : माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भाऊ : तू इथे आहेस हे त्याला माहीतच नाही.

नणंद : हो. तसंच पाहिजे.

भाऊ : आता मार की हाक. उघडू का खिडकी? बिनधास्त मार.

नणंद : पिऊ दे त्याला पोटभर. मारीन सावकाश, आता कुठे जायचंय मला.