बंदी आमच्या गटापुरती

सुमेधा विनायक दळवी, वय ४६ वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार भोईवाडा, परळ, मुंबई.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, इंटरनेटवर 'परळकर' नावाचा आमचा गट आहे. गिरणी कामगारांची कुटुंबे त्यावर लिहितात. मी त्याची मॉडरेटर आहे. वावगे लिहिणाऱ्याचा मजकूर काढणे व त्याच्यावर बंदी घालणे हे माझे काम. ज्या सर्व्हरवर हा गट आहे तो माटुंग्याचे हेरंब साठे चालवतात. असे सर्व्हर वेगवेगळ्या लोकांचे असून एकमेकांना जोडलेले असतात. एकावर लिहिलेले दुसऱ्यावरही दिसते. मी घातलेली बंदी मात्र आमच्या गटापुरतीच चालते.

मार्च २०२३ मध्ये आनंदा दगडू शेलार, राहणार अँटॉप हिल, यांनी दुसऱ्या सर्व्हरवरून आमच्या गटात लिहिले की, ब्याऐंशीच्या संपात आमच्या शेजारच्या चाळीतील राजाराम गावस हे पोलीस बंदोबस्तात गिरणीत कामाला गेले. खाली त्यांचा खोली नंबर दिला. मी मजकूर काढून आनंदा यांच्यावर बंदी घातली. आमच्याकडून तो गेला. त्यांच्या सर्व्हरवर तसाच राहिला. तेथील चालकाला मी कळवले. त्याने विचारले, "खोटं लिहिलंय का?" मी लिहिले, "खऱ्याखोट्याचं मी म्हणत नाही. तिथे म्हातारी माणसं राहतात. नंबर तेवढा काढा." काढला नाही. मग हेरंब यांनी तो सर्व्हर आमच्यापासून तोडला. त्यामुळे आम्हाला दिसायचे बंद झाले, इतकेच.

त्याच आठवड्यात राजाराम यांच्या दारावर कोणीतरी डांबर फासून 'फितूर' असे लिहिले. कोणी ते मी पाहिलेले नाही. मी गेले तेव्हा त्यांच्या पत्नी बकुळा खोबरेल तेलाने दार पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "गेले होते गो ते. झील तापान फणफणलेलो. वाचलो नाय." त्या मुलाबद्दल मी पुढे विचारले नाही.

राजाराम म्हणाले, "आनंदाक परत घे. माका तेका उत्तर देवचा आसा. तेचो बापूस माझ्या बाजूक कामाक होतो."

मी म्हटले, "काका, कोणाच्या घराचा नंबर देणाऱ्याला मी परत घेणार नाही."

"मगे मी बोलू कसो?"

मी आनंदा यांच्या सर्व्हरवर राजाराम यांच्या नावाने खाते उघडून दिले. ते सांगत गेले तसे टाइप केले: "आनंदा, मी गेलेलंय. दगडूक तोंड दाखवूचो धीर झालो नाय. दार उघडा आसा. ये."

आनंदा यांनी खोली नंबर स्वतः काढला व रविवारी आले. दारापाशी थांबून म्हणाले, "डांबर मी नाही लावलं. पण पत्ता माझ्यामुळे बाहेर गेला." राजाराम यांनी त्यांना आत घेतले. मी गॅलरीत उभी होते. मग बकुळा बाहेर येऊन म्हणाल्या, "दूध हाड गो, चाय करतंय." मी दूध घेऊन परतले तेव्हा दोघेही आनंदा यांचे वडील दगडू यांच्याबद्दल बोलत होते. आनंदा विचारत होते, "अण्णा कामावर गाणं म्हणायचे, हे खरं का?"

राजाराम यांची आनंदा यांच्याविरुद्ध तक्रार नाही. माझे विचाराल तर, बंदी मी उठवलेली नाही. आनंदा यांनीही तशी विनंती केलेली नाही.

हा मजकूर संगणकावर टाइप करून मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, म्हणून खाली सही करते.