पाठीवरचा पंप

नाव: क्वाक फान-सुल. वय: ६८. धंदा: परसिमन फळांची बाग, आणि जिल्हा कचेरीकडून हंगामी वणवा पहारेकरी. राहणार: सोलगोल, मेबोंग डोंगराच्या पायथ्याशी, दक्षिण कोरिया.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मेबोंगच्या उत्तर उताराला काल दुपारी जो वणवा लागला तो माझ्या हातून लागला. यो कुम-ने या बाईने पेटवल्याचं तिने स्वतः इथे ठाण्यात येऊन सांगितलं आहे असं मला कळलं. ते खोटं आहे. मी बोलायला फटकळ आहे, साहेबांनी जमेल तसं लिहावं.

सदर बाई ही मयत ओक दू-छिल याची बायको. मयत माझ्यापेक्षा वयाने मोठा होता, मी त्याला दादा म्हणत असे आणि बाईला वहिनी. आम्ही दोघं बारा वर्षं मेबोंगवर पहारा केला, तो उत्तरेला, मी दक्षिणेला. वसंतातल्या कोरड्या दिवसांत बांध जाळणाऱ्यांना हुसकायचं, डोंगरावर येणाऱ्यांच्या काड्यापेट्या काढून घ्यायच्या, हे काम. दादा म्हाताऱ्या बायकांची झडतीसुद्धा घ्यायचा. त्यावरून शिव्याही खायचा.

यंदा हवामान बदलाच्या नावाने सरकारचा मोठा निधी आला. त्यातून शिखरावर कॅमेरा बसला. कचेरीतला कारकून म्हणाला, "आजोबा, आता कॅमेरा सगळं बघतो. मेबोंगला एकच माणूस पुरे." त्या एका जागेसाठी आम्हां दोघांची परीक्षा ठेवली. आग विझवायचा पंप पाण्याने भरून पाठीवर घ्यायचा आणि शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या. जो आधी पोहोचेल तो कामावर.

मैदानात दादा माझ्या पुढे होता. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकला. मी जवळ आलो तेव्हा म्हणाला, "हो पुढे. चहा मांडून ठेव, मी आलोच." त्याला नाटकं करायची भारी हौस. मी म्हणालो, "उठ रे थेरड्या, लोक बघतायत." आणि पुढे गेलो. फेऱ्या संपल्यावर कारकुनाने टाळ्या वाजवल्या. मी मागे पाहिलं तर दादा पालथा पडला होता आणि पंपातलं पाणी त्याच्या मानेवरून वाहत होतं. दवाखान्यात नेईपर्यंत गेला होता. दुसऱ्या आठवड्यात मला कामावर घेतलं. मी नाही म्हटलं नाही.

काल त्याला जाऊन एकोणपन्नासावा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्याचे कपडे जाळतात. कपडे धुरातून त्याच्याकडे पोहोचतात, नाहीतर तो तिकडे उघडा फिरतो, असं मानतात. दादाला उत्तर उतारावर, पाईनच्या झाडांखाली पुरलं आहे. दुपारी जेवणानंतर वहिनी तिथे कपड्यांचं गाठोडं घेऊन आली. मी पहाऱ्यावर होतो. मी तिच्याकडून काड्यापेटी काढून घेतली. तिने दिली.

मी म्हणालो, "वहिनी, खाली नदीच्या वाळूत जाळू. इथे बंदी आहे."

ती म्हणाली, "ठाऊक आहे मला बंदी. बारा वर्षं तुमच्या दादाच्या तोंडून तेच ऐकलं. पण नदीवर कुठे आहेत ते? इथे आहेत." मग कबरीशेजारी बसली आणि घड्या घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालायला लागली. लोकरीचा स्वेटर होता, पायजमे होते. बऱ्याच वेळाने म्हणाली, "भावजी, त्यांना थंडी सोसत नाही हो."

मी गवत उपटून मोकळी जागा केली, भोवती दगड लावले आणि माझ्या हाताने काडी ओढली. तिचे हात मांडीवर होते. हे नीट लिहावं.

गाठोड्यात पहाऱ्याचं नारिंगी जाकीटही होतं. ते मी बाजूला काढलं, म्हणालो, "हे सरकारी आहे, परत करावं लागतं." ती म्हणाली, "हे घालूनच तर ते डोंगरावर हिंडायचे. सरकार काय करणार आहे त्याचं?" तरी मी ते दिलं नाही. स्वेटर अर्धा जळला असताना दरीतून वारा आला. पेटलेली बाही उडून पाईनच्या पाचोळ्यावर पडली.

मी शिट्टी मारली. फोनवरून वर्दी दिली. तिला हाताला धरून पायवाटेवर ढकललं. मग दादाच्या जाकिटाने आग झोडपली, ते वितळलं तेव्हा माझं काढून झोडपली. आग वर चढली ती चढलीच. कॅमेऱ्याने काय पाहिलं ते मला माहीत नाही, त्याचं तोंड दक्षिणेला आहे. रात्री पाऊस आला म्हणून विझली. माणूस कोणी दगावलं नाही. कबरीवरचं गवत जळलं.

साहेबांनी विचारलं की, एवढी परीक्षा पास झालेला माणूस तू, पंप का वापरला नाहीस. त्यावर सांगतो की, पंप पहारेकऱ्याला मिळत नाही. तो परीक्षेपुरता असतो. परीक्षा झाली की कचेरीत परत जातो. कामावर जाकीट, शिट्टी आणि फोन, एवढंच मिळतं. बारा वर्षांत मेबोंगवर आम्ही पंप पाहिलेला नाही.

वहिनीला घरी सोडावं. तिच्याकडे काडी नव्हती. काड्यापेटी माझ्या खिशात होती.

लिहिलेलं सगळं साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. पंपाचं वाक्य वाचताना साहेब थांबले आणि हे ठेवायचं का म्हणून विचारलं. ठेवावं. खाली माझा डावा अंगठा आहे, उजवा हात भाजल्याने सही करता येत नाही.